केसपेपरवरचा ‘व्यवसाय’

आई गेल्यानंतर तिची पत्र्याची ट्रंक उघडली. रेशनकार्ड, माझे शाळेचे दाखले, वडिलांचा गिरणीतला बिल्ला आणि सगळ्यांच्या तळाशी सुतळीने बांधलेला केसपेपरचा गठ्ठा. पहिला कागद १९६९ चा, शेवटचा १९९१ चा. त्याच वर्षी वडील गेले. मी कागद तारखेप्रमाणे लावले. एकोणचाळीस भरले. प्रत्येकावर नाव, वय, धर्म, पत्ता आणि व्यवसाय असे छापील रकाने होते. व्यवसायाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘सर्व्हिस’, काही ठिकाणी ‘मिल’, बाकी कोरे.

वडील सव्वीस वर्षे लालबागच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. गासड्या फोडून, झोडून आलेला कापूस तिथे तारेचे बारीक दात बसवलेल्या मोठ्या सिलिंडरवर विंचरला जातो. त्या दातांत बोंडाची टरफले, पानांचा चुरा, तूस अडकते. ते ठरावीक वेळाने काढावे लागते. ते काम वडिलांचे. पाळी संपवून ते घरी येत तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या असत. एकोणचाळीसपैकी एकाही कागदावर ‘कार्डिंग’ हा शब्द नाही.

निदाने मात्र पुष्कळ आहेत. दमा, ॲलर्जी, जुनाट ब्राँकायटिस. थुंकीत जंतू एकदाही सापडले नसताना दीड वर्ष क्षयाच्या सुया आणि गोळ्या. बिडी सोडण्याचा सल्ला तर जवळजवळ प्रत्येक कागदावर. वडील बिडी ओढत, हे खरेच आहे. १९७४ च्या एका कागदावर मात्र कुणा शिकाऊ डॉक्टरने इंग्रजीत एक वेगळी ओळ लिहिली आहे : सोमवारी त्रास जास्त. पुढे प्रश्नचिन्ह. त्याखाली नेहमीचीच औषधे.

हे सोमवारचे आम्हाला घरी ठाऊक होते. रविवारी वडील बरे असत. सोमवारी दुपारनंतर छाती आवळल्यासारखी होई आणि रात्री ते भिंतीला टेकून बसत. चाळीत त्याची थट्टा चाले. “रविवारचं मटण सोमवारी छातीवर बसतं,” असे शेजारचे काका म्हणायचे. आईने काही महिने रविवारचे मटण बंद करूनही पाहिले.

मी डॉक्टर नाही, इतिहासाचा पदवीधरही नाही. नोकरी सांभाळून, ग्रंथालयांत बसून जे वाचता आले ते वाचले. पण त्या एका ओळीने मला कित्येक वर्षे सोडले नाही. वडिलांनी सांगितले होते, डॉक्टरने ऐकले होते, लिहूनही ठेवले होते. मग ते त्याला उमगले का नाही? त्या प्रश्नचिन्हाचा माग काढत गेलो तो थेट सतराव्या शतकातल्या इटलीपर्यंत पोहोचलो.

शौचकूप आणि तिपाई

बर्नार्दिनो रामाझ्झिनी (१६३३-१७१४) हा मोडेना शहरातला वैद्य आणि तिथल्या विद्यापीठातला प्राध्यापक. त्या काळी शहरातल्या घरांचे शौचकूप दर काही वर्षांनी माणसे उतरवून उपसत. रामाझ्झिनीच्या घरी हे काम चालू असताना त्याने पाहिले की, खाली उतरलेला माणूस जिवाच्या आकांताने घाई करतो आहे. इतकी धावपळ कशासाठी, असे त्याने विचारले. त्या माणसाने वर पाहून सांगितले की, चार तासांपेक्षा जास्त इथे राहिलो तर आंधळा होईन. तो बाहेर आल्यावर रामाझ्झिनीने त्याचे डोळे तपासले. ते लाल आणि मंद झाले होते. पुढे त्याच्या लक्षात आले की, गावात भीक मागणाऱ्या आंधळ्यांपैकी काही जण याच कामातले होते.

या प्रसंगातून कारागिरांच्या आजारांवरचा त्याचा लॅटिन ग्रंथ सुरू झाला. ‘दे मोर्बिस आर्टिफिकुम दियात्रिबा’ हा ग्रंथ १७०० मध्ये मोडेनात प्रसिद्ध झाला. खाणकामगार, मुलामा देणारे, कुंभार, लोहार, धोबिणी, सुईणी अशा व्यवसायांवर त्यात चाळीसहून अधिक प्रकरणे आहेत. अळशी आणि अंबाडीचे तंतू विंचरणाऱ्यांवरही एक आहे. त्या धुळीने ही माणसे सतत खोकतात, त्यांना धाप लागते, असे त्याने नोंदवले आहे. वडिलांच्या कामाचा हा सर्वांत जुना आप्त मला तिथे भेटला.

ग्रंथाच्या प्रास्ताविकात रामाझ्झिनी वैद्यांना दोन गोष्टी सांगतो. हिपॉक्रॅटिसच्या परंपरेतला वैद्य रोग्याला बरेच प्रश्न विचारतो. त्यांत आणखी एकाची भर घालावी : तुम्ही काम काय करता? दुसरी गोष्ट अशी की, गरिबाच्या घरी गेल्यावर वैद्याने नाडी पाहून लगबगीने निघू नये. सोन्याची खुर्ची नसली तरी तिपाईवर बसावे आणि निवांत चौकशी करावी. या दोन सूचना एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. बसल्याशिवाय विचारता येत नाही आणि विचारले तरी उत्तर ऐकायला थांबावे लागते.

नजर कुठे वळली

रामाझ्झिनीचा हा प्रश्न वैद्यकीय शाळेच्या वर्गात आणण्याचा एक ठळक प्रयत्न इंग्लंडमधल्या लीड्सला झाला. चार्ल्स टर्नर थॅकरा या शल्यवैद्याने १८३१ मध्ये धंदे, व्यवसाय आणि राहणीचे आरोग्यावर होणारे परिणाम यांवर पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी लीड्सच्या वैद्यकीय शाळेच्या स्थापनेतही त्याचा पुढाकार होता. लीड्स हे कापडगिरण्यांचे गाव. अळशीच्या धुळीत काम करणाऱ्यांचा खोकला त्याने कारखान्यांत जाऊन पाहिला होता. पण १८३३ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला.

कापसाच्या धुळीच्या आजाराला नाव मिळाले ते पॅरिसमध्ये. आद्रियँ प्रूस्त या स्वच्छताशास्त्राच्या अभ्यासकाने १८७७ च्या आपल्या ग्रंथात ‘बिसिनोसिस’ हा शब्द वापरला. बिसस म्हणजे प्राचीन काळचे तलम कापड. हे प्रूस्त पुढे पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेत प्राध्यापक झाले. साहित्याच्या वाचकांना त्यांची ओळख वेगळ्या नात्याने आहे : कादंबरीकार मार्सेल प्रूस्त हा त्यांचा मुलगा आणि तो जन्मभर दम्याने हैराण होता.

नाव मिळाले, पण वैद्यकाची नजर तोवर दुसरीकडे वळू लागली होती. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला आणि छातीचा रोग म्हटले की सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधायचा, अशी वैद्यकाची शिस्त बसली. तिने कोट्यवधी जीव वाचवले, याविषयी वाद नाही. पण रोग्याचे घर आणि त्याचे काम यांना त्या शिस्तीत फारशी जागा उरली नाही. जंतू सापडला तर क्षय. न सापडला तरी कित्येकदा क्षयच, जंतू उद्या सापडेल या आशेवर. वडिलांची दीड वर्षांची सुई ही त्या शिस्तीचीच लांबलेली सावली होती.

तरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन ठिकाणी या विषयाला घर मिळाले. मिलानमध्ये लुइजी देवोतो यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये ‘क्लिनिका देल लाव्होरो’ उभी राहिली. कामामुळे होणाऱ्या आजारांसाठीच बांधलेले, खाटा, प्रयोगशाळा आणि अध्यापन एकत्र असलेले हे जगातले पहिले रुग्णालय मानतात. दुसरे ठिकाण अमेरिकेत. ॲलिस हॅमिल्टन (१८६९-१९७०) वैद्यकाची पदवी घेऊन शिकागोच्या हल हाउस या सेवावस्तीत राहायला गेल्या. शेजारी सगळे स्थलांतरित मजूर. त्यांच्या तक्रारी त्यांनी घरी, गुत्त्यांत, औषधांच्या दुकानांत जाऊन ऐकल्या आणि १९१० पासून इलिनॉय राज्यासाठी शिशाच्या विषबाधेचा शोध घेतला. या विषयात त्यांच्या तोडीचे कुणी नाही हे मान्य करून हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेने १९१९ मध्ये त्यांना बोलावले. हार्वर्डच्या अध्यापकवर्गातली ही पहिली स्त्री. अटी तीन : फॅकल्टी क्लबात जायचे नाही, पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचे नाही आणि फुटबॉलची राखीव तिकिटे मागायची नाहीत. १९३५ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या सहायक प्राध्यापकच राहिल्या. विषयाला वर्गात घेतले, पण बसवले दाराजवळच.

कॉलेज आणि गिरणी

आता आपल्या मुंबईकडे येऊ. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे. कावसजी दावरांची कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि दोनच वर्षांत तिचे उत्पादन सुरू झाले. म्हणजे या शहरात वैद्यकीय शिक्षण आणि कापडगिरण्या जवळजवळ बरोबरच वाढल्या. १९२६ मध्ये सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि के.ई.एम. रुग्णालय सुरू झाले ते तर परळला, गिरणगावाच्या मधोमध. आपल्याकडे विषय शिकवायला रोगी नव्हते, असे कुणाला म्हणता येणार नाही. भोंगा ऐकत ऐकत विद्यार्थी शरीरशास्त्र शिकत होते.

१९४३ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्यसमिती नेमली गेली. तिचा अहवाल १९४६ चा. औद्योगिक आरोग्याचा विचार या अहवालात आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, डॉक्टर हा ‘सामाजिक वैद्य’ व्हावा म्हणून प्रत्येकाला तीन महिने प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे शिक्षण द्यावे, अशी शिफारस आहे. त्याआधी १९४४ मध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला होता. त्यातून १९४८ चा ई.एस.आय. कायदा झाला. त्याच वर्षी कारखाना कायदाही आला. कागदावर पाहिले तर स्वातंत्र्याच्या पहाटे सगळे जागच्या जागी होते : कायदा, विमा आणि शिक्षणाची योजना.

पुढे मेडिकल कॉलेजांत प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत पी.एस.एम.चे, विभाग निघाले आणि कामामुळे होणारे आजार त्या विभागाच्या पदरात पडले. हेतू चांगला होता. पण डॉक्टर निदान करायला शिकतो तो वॉर्डात, खाटेजवळ, मेडिसिनच्या मास्तरांच्या मागे उभा राहून. पी.एस.एम. शिकवले जाते व्याख्यानाच्या खोलीत. जोडीला बसमधून एकेक भेट : दूध डेअरी, जलशुद्धीकरण केंद्र, एखादा कारखाना. त्यामुळे विद्यार्थ्याला धुळींचा तक्ता तोंडपाठ असतो : वाळूची धूळ म्हणजे सिलिकोसिस, उसाच्या चोथ्याची बगॅसोसिस, कापसाची बिसिनोसिस. परीक्षेत तो एका दमात सांगतो. त्याच आठवड्यात वॉर्डातल्या खाटेवर त्या धुळीचा माणूस धापा टाकत असतो. पण त्या दोघांची गाठ घालून देणे हे कुणाचेच काम नसते.

मेडिकलचे विद्यार्थी केस कशी मांडतात, ते मी काही डॉक्टर मित्रांकडून समजून घेतले. सुरुवात ठरलेली : अमुक वर्षांचा पुरुष, अमुक ठिकाणचा राहणारा, व्यवसायाने शेतकरी. मग खरी केस सुरू होते. रामाझ्झिनीचा प्रश्न आपल्याकडे विचारला जातच नाही, असा माझा आधी समज होता. तो चुकीचा निघाला. प्रश्न रोज, हजारो वेळा विचारला जातो. पण तो नाव, वय, धर्म, पत्ता यांच्या रांगेत जाऊन बसला आहे. रोगी कोण हे त्यातून कळते. रोग कशाने झाला हे कळण्यासाठी तो विचारावा, हे शिकवायचे राहून गेले.

सोमवार

हा फरक बिसिनोसिसइतका दुसऱ्या कुठल्या आजारात उघड दिसत नसेल. या आजाराची खूण एक्स-रेमध्ये उमटत नाही. क्ष-किरणांना दिसावे असे त्यात काही खास नसते. थुंकी तपासून उपयोग नाही. त्याची सुरुवातीची खूण एकच : सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी, पाळी सुरू होऊन काही तास गेले की छाती आवळते. कापसाच्या धुळीत पानाबोंडांचा चुरा असतो आणि त्यावरच्या जिवाणूंचे विष असते. त्यावर श्वासनलिका आकसतात. आठवडाभर रोज धूळ मिळत राहिली की शरीर काहीसे सरावते. एका दिवसाच्या सुटीने तो सराव मोडतो. आधी एखाद्या सोमवारी, मग दर सोमवारी, मग मंगळवारी, बुधवारीही. शेवटी वारच उरत नाही. कायमचा दम उरतो. त्या टप्प्यावर हा आजार जुनाट ब्राँकायटिससारखाच दिसतो. बिडीने तो आणखी बळावतो आणि बिडीवर सगळे ढकलायलाही सोपे जाते.

इंग्लंडमध्ये पन्नासच्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या, त्या कशावर? रोग्याच्या उत्तरावर. सोमवारी छाती आवळते का? कधीकधी की दर सोमवारी? इतर दिवशीही? हा आजार आता जवळपास संपला, अशी तिथे समजूत होती. शिलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लँकेशायरच्या कार्डिंग खात्यांत जाऊन विचारले, तेव्हा तो मोठ्या प्रमाणावर सापडला. मँचेस्टर विद्यापीठात १९४५ मध्ये व्यवसाय-आरोग्याचे अध्यासन निघाले होते. शिलिंग त्याच विभागातले. विषयाला विद्यापीठात जागा होती म्हणून विचारणारी माणसे तयार झाली आणि विचारले म्हणून आजार दिसला. पुढे ब्रिटिश कामगार संघटनांच्या महासंघाला शंभर वर्षे झाली, तेव्हा त्यांनी स्मारक म्हणून लंडनच्या स्वच्छताशास्त्राच्या विद्यालयात या विषयाची संस्था काढायला मदत केली. तिचे प्रमुखही शिलिंगच होते.

इथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि मी वाचता वाचता थांबलो. सोमवार दिसायचा तर आधी रविवार हवा. मुंबईच्या गिरण्यांत सुरुवातीला आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. ती मिळवली नारायण मेघाजी लोखंड्यांनी. १८८४ मध्ये त्यांनी मिलहँड्स असोसिएशन स्थापन केली आणि सभा, अर्ज, ‘दीनबंधु’तले लेखन यांच्या रेट्यावर जून १८९० मध्ये गिरणीमालकांकडून रविवारची सुटी मान्य करून घेतली. लोखंड्यांना हवी होती ती विश्रांती. सहा दिवस राबलेल्या माणसाला एक दिवस स्वतःचा. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट नकळत घडली. ज्या कामगाराला सुटीच नाही, त्याच्या छातीला सोमवार कळण्याचा मार्ग नव्हता. लोखंड्यांच्या रविवारने या रोगाला ओळखण्याची खूण मुंबईच्या डॉक्टरांच्या हाती दिली. १८९० पासून ती खूण दर आठवड्याला गिरणगावातून दवाखान्यांत जात होती. तिचा अर्थ लावायला मात्र आपल्याला सत्तरचे दशक उजाडावे लागले.

तोवर भारतात बिसिनोसिस नाही, असला तर अगदी विरळ, हा समज बराच रूढ होता. के.ई.एम. रुग्णालयाच्या छातीविकार विभागाचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांची पाच वर्षे पाहणी केली. तिचा निबंध १९८१ मध्ये अमेरिकेतल्या श्वसनरोगांच्या एका मान्यवर नियतकालिकात आला. जुनाट श्वासरोध आणि बिसिनोसिस वेगळे कसे ओळखावेत, हाच त्याचा विषय होता. वडिलांच्या एकोणचाळीस कागदांत जी चूक पुन्हा पुन्हा झाली, नेमकी तिच्यावर बोट ठेवणारा तो निबंध होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप रीतसर कधी मिटलाच नाही. वडील त्यानंतर कामावर गेले नाहीत. ज्ञान तयार झाले आणि ज्यांच्यासाठी ते होते, ती माणसे विखुरली : कुणी रत्नागिरीला, कुणी साताऱ्याला, कुणी भाजीच्या गाडीवर. त्यांच्यातला दमेकरी गावच्या डॉक्टरकडे गेला तेव्हा ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘शेती’ किंवा ‘काही नाही’ असे लिहिले गेले असणार. आत्ताचा व्यवसाय विचारून भागत नाही, आधीचाही विचारावा लागतो, हे तर आपल्या रकान्याला अजून ठाऊकच नाही.

एका शब्दाची किंमत

नाव काहीही दिले तरी औषध तेच, मग बिसिनोसिस म्हटले काय आणि ब्राँकायटिस म्हटले काय, असे एका डॉक्टर मित्राने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. दम वाढलेल्या माणसासाठी औषधात फारसा फरक पडत नाही. पण सुरुवातीलाच ओळखले तर त्याला त्या खात्यातून हलवता येते आणि फुप्फुस वाचते. शिवाय त्याच खात्यात आणखी चाळीस माणसे उभी असतात. एकाचे निदान म्हणजे त्यांना आधीच मिळालेली सूचना.

आणि पैशांचाही प्रश्न आहे. ई.एस.आय. कायद्यात साधा आजार आणि कामामुळे झालेला आजार यांत मोठे अंतर होते. पहिल्याला ठरावीक दिवसांपुरता आजारपणाचा भत्ता. दुसरा ‘कामावरची इजा’ धरला जाई. त्याला अपंगत्वाचा लाभ, आणि त्यातच मृत्यू आला तर वारसांना नियमित रक्कम. कापसाच्या धुळीचा आजार या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात होता. आईला ती रक्कम मिळालीच असती, असे मी म्हणणार नाही. ते मंडळांनी, न्यायालयांनी ठरवले असते. पण तिला ती मागता तरी आली असती. तिने तीस वर्षे लोकांचे डबे करून घर चालवले आणि नवरा बिडीने गेला, असे ती शेवटपर्यंत मानत राहिली.

कायद्याने डॉक्टरवर जबाबदारी टाकली नाही, असेही नाही. कारखाना कायद्याच्या ८९ व्या कलमानुसार परिशिष्टातल्या आजाराची शंका आली तरी उपचार करणाऱ्या डॉक्टरने कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकाला विनाविलंब लेखी कळवायचे असे. न कळवल्यास दंड. २०२० च्या नव्या संहितेतही ही जबाबदारी कायम आहे. माझ्या ओळखीच्या पाच-सहा डॉक्टरांना मी या कलमाविषयी विचारले. एकाला माहीत होते. तो कारखान्यात नोकरीला आहे.

शिक्षणाची सोय अजिबात नाही, असे नाही. अहमदाबादच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात १९६६ मध्ये सुरू झालेली संशोधनसंस्था आज राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्था म्हणून ओळखली जाते. मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत डॉक्टरांसाठी तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. एम.बी.बी.एस.च्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात कम्युनिटी मेडिसिनमध्ये या विषयाची पाच उद्दिष्टे आहेत : आजारांची लक्षणे, ई.एस.आय. योजना, धोके आणि प्रतिबंध, कामाची बैठक व अवजारे, आणि खुद्द आरोग्यसेवकांचे आजार. यादी चांगली आहे; पहिल्या उद्दिष्टात शेतीचाही उल्लेख आहे. अडचण तीच जुनी. ती यादी कम्युनिटी मेडिसिनच्या पुस्तकात आहे आणि रोगी मेडिसिनच्या वॉर्डात आहे.

गिरण्या गेल्या म्हणून प्रश्नही गेला, असे कुणी समजू नये. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. कापूस तोच, फक्त आजार गिरणीतून शेतात गेला. दगड फोडणाऱ्यांचा सिलिकोसिस आजही क्षयाच्या औषधांखाली झाकला जातो. आणि हाताने मैला उपसण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी असूनही गटारात उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या येतच असतात. रामाझ्झिनीने वर काढून डोळे तपासलेला माणूस अजून खालीच आहे.

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका डॉक्टरच्या वाट्याला एका रोग्यासाठी दोन-तीन मिनिटे येतात. तिथे तिपाईवर बसायला सांगणे सोपे आहे. हे मला कळते. पण तीन प्रश्नांना तीन मिनिटे लागत नाहीत. हाताने नेमके काय काम करता? आधी काय करत होता? सुटीच्या दिवशी बरे वाटते का? हे प्रश्न पी.एस.एम.च्या व्याख्यानात सांगून भागणार नाही. मेडिसिनच्या मास्तरांनी वॉर्डात, खाटेजवळ, “व्यवसायाने शेतकरी” असे म्हणून पुढे निघालेल्या विद्यार्थ्याला तिथल्या तिथे थांबवले पाहिजे : कसला शेतकरी? फवारणी कोण करतं? आणि परीक्षेत त्याचे गुण ठेवले पाहिजेत. विद्यार्थी गुण असतील तिथे लक्ष देतात.

१९७४ च्या त्या शिकाऊ डॉक्टरचे नाव कागदावर वाचता येत नाही. नुसती सहीची रेघ आहे. आज तो हयात असेल तर पंचाहत्तरीच्या आसपास असेल. त्याच्यावर माझा राग नाही. एकोणचाळीस कागदांत वडिलांचे बोलणे लिहून घेणारा तो एकटाच. समोरचा माणूस काही वेगळे सांगतो आहे, हे त्याच्या कानांनी टिपले होते. पुढे काय विचारायचे, ते त्याला कुणी शिकवले नव्हते. पुढचा प्रश्न एवढाच होता : “कोणत्या खात्यात?” वडिलांनी लगेच सांगितले असते. त्यांना आपल्या खात्याचा अभिमान होता.